झोपेचं पाणी

किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, लहान मुलांच्या दातांचा एक दवाखाना आहे. खाली दिवसभर कानस चालते. जिना चढणाऱ्या मुलांना तो आवाज वरूनच येतोय असं वाटतं आणि निम्मी मुलं जिन्यातच भोकाड पसरतात. डॉक्टरीणबाईंनी एकदा किल्लीवाल्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "तुमच्या मुलांच्या किंकाळ्यांनी माझी गिऱ्हाइकं पळतात, मी कधी काही बोललो?" त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांचा नाद सोडला.

या बाईंना डॉक्टर असं कोणी म्हणत नाही. आसपासच्या सगळ्या पोरांची ती दातमावशी. मुलांच्या आयाही तिला मावशीच म्हणतात, आणि एकदा तर एका पोराचे आजोबा स्वतःची कवळी दाखवत "मावशी, ही जरा टोचते हो" म्हणाले होते. दातमावशीने त्यांनाही खुर्चीत बसवलं आणि जाताना इतरांसारखं एक चिकटचित्र दिलं. त्यांनी ते खरंच शर्टावर लावलं.

तिला एक भाषा येते जी कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत. गालात दोन्हीकडे कापसाच्या गुंडाळ्या, जीभ दाबलेली, ओठाला थुंकी ओढणारी नळी लटकलेली, अशा अवस्थेत मूल जे बोलतं ती भाषा. तिच्यात व्यंजनं नसतात. ओठ, दात, जीभ सगळेच कामाला जुंपलेले, मग क आणि प आणणार कोण? उरतात ते नुसते स्वर. 'अंअंआ?' म्हणजे संपलं का. 'ऊ आई' म्हणजे शू आली, आणि तिथे मात्र भाषांतराला वेळ लावून चालत नाही. एकच घोटाळा होतो. 'आई' हा शब्द कापसातूनही अख्खा बाहेर पडतो, त्याला ना ओठ लागतात ना दात. आणि 'मावशी'तली व्यंजनं गळाली की उरतं तेही जवळजवळ तेच. मग दातमावशी मुलाचे डोळे बघते. डोळे दाराकडे असले तर आई, तिच्याकडे असले तर मावशी.

दवाखान्यात आणखी एक भाषा चालते, ती तिने स्वतःच रचलेली. दात कोरणारं यंत्र म्हणजे भुंगा. थुंकी ओढणारी नळी म्हणजे सोंड. भरलेला दात घट्ट करणारा निळा दिवा म्हणजे काजवा. आणि हिरडीत द्यायचं भुलीचं इंजेक्शन म्हणजे झोपेचं पाणी. 'सुई' आणि 'दुखणं' या दोन शब्दांना तिथे उंबरठ्याच्या आत बंदी. तिच्या मदतनीस बाईंनी पहिल्याच आठवड्यात एका मुलाला "सुई अगदी बारीक असते रे राजा" असा धीर दिला आणि तो राजा खुर्चीवरून उडी मारून जिन्यापर्यंत पोचला. या बाईंचं अर्धं आयुष्य मुलांना "चूळ भर, चूळ भर" म्हणण्यात गेलेलं, म्हणून पोरांनी त्यांना चूळबाई करून टाकलं होतं.

"आता आपण दाताला झोपवूया हं," दातमावशी म्हणायची. "दात झोपला की त्याला काही कळणार नाही." मुलं मान डोलवायची. काम झालं की ती एक ताकीद द्यायची: ओठ चावू नकोस. कारण बधीर झालेला ओठ आपलाच आहे हे मुलांना कळत नाही. ती तो मजेत चावत बसतात, आणि भूल उतरली की घर डोक्यावर घेतात.

तिची धाकटी बहीण आजारी पडली तेव्हाही दवाखाना चालूच होता. दिवसा दात, संध्याकाळी हॉस्पिटल. बहिणीचा नवरा मालवाहू जहाजावर नोकरीला. तो कुठल्यातरी समुद्रावरून फोन करायचा, आणि मधेच आवाज तुटायचा. बहिणीची मुलगी दातमावशीजवळ. बाळ असताना ती अशी रडायची की शेजारचे दार वाजवायचे. तिच्या आईनेच तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. "आमचा भोंगा वाजला की कारखान्याची पाळी सुटते," असं ती कौतुकाने सांगायची.

हॉस्पिटलच्या त्या लांबलचक बोळात, बाकड्यावर, भोंग्याला गप्प ठेवणं हे एक कामच होतं. दातमावशीने ते चॉकलेटवर भागवलं. रोज संध्याकाळी एक, कधी दोन, आणि घरी येईपर्यंत पोरगी खांद्यावर झोपलेली, मग दात कोण घासणार? हजार आयांना तिने हेच सांगितलं होतं, की झोपताना गोड देऊ नका. दुसऱ्यांच्या घरातली चूक तिला जिन्यातून दिसायची.

शेवटचे काही दिवस बहिणीचं कण्हणं बोळापर्यंत ऐकू यायचं. "आई गं, आई गं," एवढंच. मग एका सकाळी ते थांबलं. दातमावशी खोलीतून बाहेर आली. भोंग्याने बाकड्यावरून विचारलं, "आई काय करतेय?"

वर्षानुवर्षं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. "आईला झोपवलंय," ती म्हणाली. "आता तिला काही दुखणार नाही."

भोंग्याने मान डोलावली.

त्यानंतरचं वर्ष दातमावशीने कसं काढलं हे तिला विचारलं असतं तर "काढलं" एवढंच ती म्हणाली असती. ती रडली नाही. पहिले काही दिवस लोक तिच्या धीराचं कौतुक करत होते. मग कौतुक संपलं आणि लोक जरा चपापून बघायला लागले. ती उठायची, दूध तापवायची, भोंग्याची वेणी घालायची, दवाखान्यात जायची, यायची. एकदा तापलेल्या पातेल्याला तिने उघड्या हाताने धरलं आणि ओट्यावरून टेबलापर्यंत आणलं. फोड आल्यावर तिला कळलं की भाजलं असणार. चूळबाईंनी मलम लावलं आणि त्या स्वतःच डोळे पुसत बसल्या. दातमावशी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

मुलांशी बोलणं तिने कमी केलं होतं. तिच्या कपाटात एक जेल असायचं, पपईच्या चिकापासून बनवलेलं. ते कीड लागलेल्या जागी लावायचं आणि थांबायचं. सडलेला भाग तेवढा मऊ होतो, चांगल्या भागाला ते हात लावत नाही. मग बोथट चमच्याने तो मऊ भाग खरवडून घ्यायचा. ना भुंगा, ना झोपेचं पाणी. घाबरट मुलांसाठी सोन्यासारखी गोष्ट, पण वेळखाऊ, आणि थांबलेल्या वेळात मुलाशी गप्पा मारत राहावं लागतं. गप्पा तिच्याकडे उरल्या नव्हत्या. म्हणून वर्षभर सगळ्यांना झोपेचं पाणी आणि भुंगा. पटापट काम व्हायचं. जेलची नळी मागच्या फळीवर सरकली.

भोंगा आता मावशीकडेच राहायची. साऱ्या गल्लीची पोरं जिला मावशी म्हणतात तिला तिची सख्खी भाची मात्र काहीच म्हणत नव्हती. हाक मारायची वेळ आली की जवळ येऊन उभी राहायची. पडली, खरचटलं, दारात बोट अडकलं, तरी तोंडातून ब्र नाही. "किती समजूतदार झाली हो ताई," तिचा बाप फोनवर म्हणायचा, "आधी केवढी रडकी होती." आणि दातमावशी म्हणायची, "हो, झाली खरी."

सफरचंदामुळे बिंग फुटलं. भोंगा फोड तोंडात घेऊन ती पुढच्या दातांनी कुरतडत होती, सशासारखी, मागे नेतच नव्हती. चूळबाई जेवणाच्या सुट्टीत समोर बसल्या होत्या, त्यांनी विचारलं, "का गं, दाढांना सुट्टी दिली का?" दातमावशीने मान वर केली. दाढा चुकवून चावणारं मूल तिला रस्त्याच्या पलीकडून कळायचं, आणि हे मूल तिच्याच टेबलावर महिनोन्‌महिने असं खात होतं. तिने भोंग्याला "आ कर" म्हटलं. दोन्हीकडच्या दुधाच्या दाढांना मोठमोठी भगदाडं पडली होती. उजवीकडची तर अगदी आतपर्यंत काळी.

त्याच दुपारी तिने भाचीला खुर्चीत बसवलं. पोरगी निमूट बसली, तोंड उघडलं. दातमावशीने दिवा ओढला आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "आता आपण दाताला झोपवूया हं. थोडंसं झोपेचं पाणी."

भोंग्याची दातखीळ बसली. नुसतं तोंड मिटलं असं नव्हे, जबडा असा आवळला की गालाखाली गाठ दिसायला लागली. चूळबाईंनी सोंड नाचवली, हत्तीचा आवाज काढला, स्वतःचं तोंड उघडून आपल्या पडलेल्या दाढेची जागा दाखवली. काही उपयोग नाही. पोरगी रडत नव्हती, हातपाय झाडत नव्हती. डोळे मात्र विस्फारलेले, आणि ते दातमावशीवर रोखलेले.

वर्षापूर्वीची दातमावशी असती तर तासभर खुर्चीशेजारी जमिनीवर बसली असती. या दातमावशीने हातमोजे काढले आणि मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरला फोन लावला. तो तिच्याच बरोबर शिकलेला, भला माणूस. "आण की इकडे," तो म्हणाला. "पूर्ण बेशुद्ध करू, दोन्ही बाजू एकदम उरकू. तिला कळणारसुद्धा नाही." पुढच्या आठवड्यातला दिवस ठरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पिताना तिने भाचीला सांगितलं, "तिथे तुला झोपवतील. उठशील तेव्हा दात छान झालेले असतील."

भोंग्याने पेला खाली ठेवला आणि तो तसाच राहिला.

त्यानंतर पोरगी झोपेनाशी झाली. अंथरुणावर भिंतीला पाठ लावून बसायची. स्वतःला चिमटे काढायची. दंडावर हिरवेनिळे ठिपके उठले. शाळेतून बाईंचा फोन आला, "ही वर्गात उभीच राहते हो. बस म्हटलं तर म्हणते, बसलं की झोप येते." दातमावशीने "बघते" म्हटलं. काय बघायचं ते तिला सुचलं नाही. एखादी गोष्ट सुचायला आत काहीतरी हलावं लागतं, ते तिचं हलत नव्हतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती भांडी घासत होती आणि भोंगा शेजारी स्टुलावर उभी राहून चमचे पुसत होती. पोरगी उभ्याउभ्या पेंगायची, दचकायची, परत चमचा पुसायची.

"मला झोपवू नकोस ना," ती एकदम म्हणाली.

"थोडाच वेळ गं. लगेच उठवतात."

"आईला नाही उठवलंस."

दातमावशीने नळ बारीक केला. "काय म्हणालीस?"

"तू आईला झोपवलंस, मग उठवलं का नाहीस?"

"मी? असं कोणी सांगितलं तुला?"

"तूच. बाकड्याजवळ. तू म्हणालीस, आईला झोपवलंय, आता तिला काही दुखणार नाही." पोरगी चमच्याकडे बघत बोलत होती, शाळेत धडा म्हणून दाखवावा तशी. "आई खूप ओरडायची ना, म्हणून. दवाखान्यात पण जे ओरडतात त्यांना तू झोपेचं पाणी देतेस. मी ओरडत नाही. मी कध्धीच ओरडत नाही. बघ ना तू."

'झोपवलंय.' या शब्दात कोणी झोपवलं ते सांगावं लागत नाही. सांगणारा मोकळा सुटतो. ऐकणाऱ्याने मात्र रिकाम्या जागी कोणालातरी बसवायचंच असतं, आणि झोपेचं पाणी देणारी बाई समोरच उभी असताना भोंग्याने दुसऱ्या कोणाला कशाला बसवलं असतं? वर्षभर ती त्या बाईच्या हातून वेणी घालून घेत होती, तिच्या शेजारी जेवत होती, आणि आवाज न करता जगत होती.

दातमावशीने हातातली ताटली धुतली, पालथी घातली, पुढची उचलली. इथे हंबरडा फोडायला हवा हे तिला समजत होतं. पण बधीर हिरडी दाबली की दाब कळतो, दुखत मात्र काही नाही, तसं ते होतं. ती फक्त म्हणाली, "तुला कोणी झोपवणार नाही. तिथेही नाही नि इथेही नाही. उद्या आपण आपल्याच दवाखान्यात जाऊ."

"खरं?"

"खरं."

"तू खरं बोलतेस ते कसं कळणार?"

प्रश्न रास्त होता. दातमावशीने नळ बंद केला. "दुखेल, असं मी सांगितलं तर समज की खरं बोलतेय," ती म्हणाली. "उद्या थोडं दुखेल."

भोंग्याने चमचा पुसून डब्यात ठेवला. "बरं," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी किल्लीवाल्याचं दुकान बंद, त्यामुळे जिना अगदी शांत होता. चूळबाई न बोलावताही आल्या होत्या. मागच्या फळीवरून जेलची नळी काढताना त्या पुटपुटल्या, "हा पपईचा चीक लावायचा नि वाट बघत बसायची. आणि एवढं करून भरलेलं चिकटलं नाही म्हणजे?"

ती धास्ती खोटी नव्हती. दुधाचा दात मुळात पातळ, त्याला भरणं धरून राहायला जागा कमी. जेलचा अंश धुवायचा राहिला तरी पकड जाते, आणि भरताना दात ओला झाला तरी जाते. मागे एका मुलाचं भरणं तिसऱ्याच दिवशी निघालं आणि त्याने ते गिळून टाकलं. त्याची आई "आता पोटातला दात भरला म्हणायचा का?" असं विचारायला आली होती. आजचं भरणं टिकलं तर दुसरी दाढही याच रीतीने करता येणार होती. नाही टिकलं तर मोठं हॉस्पिटल आणि बेशुद्धी, दुसरा मार्ग नव्हता. म्हणून दात कोरडा हवा. आणि रडणाऱ्या मुलाचं तोंड कधी कोरडं राहत नाही.

दातमावशीने खुर्ची आडवी केली. एकेक वस्तू उचलून दाखवली आणि तिचं खरं नाव सांगितलं. "हे जेल. कीड मऊ करतं. हा चमचा, याला धार नाही, बोट लावून बघ. ही थुंकी ओढणारी नळी. हा दिवा. सुई आज नाही. दुखलं की हात वर कर. मी थांबेन."

"लगेच?"

"लगेच."

चूळबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, कारण उंबरठ्याच्या आत बंदी असलेले दोन्ही शब्द एका दमात येऊन गेले होते. भोंगा खुर्चीवर चढली. तिने तोंड उघडलं.

जेल लावलं. वाट पाहिली. चमच्याने पहिला थर निघाला, ओल्या भुश्शासारखा. भोंग्याचा हात मांडीवरच. पुन्हा जेल, पुन्हा वाट. जोवर कीड आहे तोवर जेल गढूळ होत राहतं. तिसऱ्या खेपेला ते नितळ राहिलं, म्हणजे सडलेलं संपलं. दातमावशीने खात्रीसाठी चमच्याच्या टोकाने तळाशी हलकेच स्पर्श केला.

"आई!"

शब्द कापसातून अख्खा बाहेर आला. हात वर गेला. डोळे दाराकडे गेले. दारात चूळबाई होत्या, त्या पटकन बाजूला सरल्या, पण त्यामुळे तिथली मोकळी जागाच जास्त दिसली.

दातमावशी थांबली होती. तिचे दोन्ही हात हवेत होते. "थांबले," ती म्हणाली. "हा जिवंत भाग. मेलेला भाग दुखत नाही. दुखलं म्हणजे दात अजून जिवंत आहे."

भोंग्याने वर केलेला हात खाली घेतला. मग कापसातून म्हणाली, "आई उआआ?"

आई उठणार? दातमावशीला ती भाषा येत होती. उत्तर पुढे ढकलण्याची सगळी कारणंही तिच्यापाशी तयार होती. दात आत्ता कुठे साफ झाला होता, आता तो कोरडा ठेवायचा होता.

"नाही," ती म्हणाली. "आई उठणार नाही. आई झोपली नव्हतीच. मी खोटं बोलले. आई मेली. तिला आजार झाला होता, त्या आजाराने मेली. ती ओरडत होती म्हणून कोणी काही केलं नाही. मी तिला झोपेचं पाणी दिलं नाही, आणि मला तिला बरंही करता आलं नाही. झोपलेलं माणूस उठतं. मेलेलं उठत नाही."

'मेली' हा शब्द वर्षभरात तिने एकदाही उच्चारला नव्हता. फोनवर, दारावर, शाळेत, सगळीकडे 'गेली' म्हणून भागत होतं.

आधी काहीच झालं नाही. मग भोंग्याची छाती वर आली, आणि भोंगा वाजला. पार रस्त्यापर्यंत वाजला. कापूस, थुंकी, जेल, सगळं एक झालं. चूळबाई धावत पुढे आल्या, "मॅडम, ओलं झालं सगळं, परत धुवावं लागणार."

"धुऊ," दातमावशी म्हणाली. तिने भिजलेला कापूस काढून टाकला. "रड गं. पोटभर रड. दात वाट बघेल."

ती रडली. वर्षभराचं रडणं, त्याला वेळ लागला. दातमावशी शेजारी स्टुलावर बसून राहिली. तिचे स्वतःचे डोळे कोरडे ठणठणीत होते. एक हात तिने पोरीच्या पोटावर ठेवला होता. ते पोट वर-खाली होताना तिला कळत होतं, दाब कळावा तसं. त्याहून जास्त नाही.

हुंदके ओसरले तेव्हा भोंग्याने आपणहून तोंड उघडलं. दातमावशीने दाढ पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, बोळ्याने टिपली. नवा कापूस. हवेची हलकी फुंकर. इवल्या कुंचल्याने चिकटद्रव. निळा दिवा. मग भरणं, थोडं थोडं, दर थराला दिवा.

"पडायचाच आहे ना हा दात?" चूळबाई नळी धरून म्हणाल्या. रोज कोणीतरी आई हे विचारतेच, त्यांना सवय लागली होती.

"पडायचाय," दातमावशी नेहमीप्रमाणे म्हणाली. "पण वेळेवर पडू दे."

हे ती हजारदा बोलली असेल. आज तिचा हात जरासा अडखळला, आणि पुढे चालू लागला.

चमच्याच्या टोकाने तिने भरण्याची कड तपासली. हलत नव्हती. उलट्या बाजूने रेटा दिला, तरी नाही. चांगली धरली होती. तिने आतल्या बाजूचा कापूस काढला, गालातला राहू दिला, चावा नीट बसतो का ते दाखवणारा निळा कागद दाढेवर ठेवला आणि म्हणाली, "चाव बघू."

भोंग्याने डोळ्यांनीच विचारलं, किती?

"जोरात."

आता हातमोज्यातलं बोट आधी काढून घ्यायचं, हे शिकाऊ पोरांनाही पहिल्या दिवशी सांगतात. दातमावशीचं बोट तिथेच होतं. आणि भोंगा, महिनोन्‌महिने ज्या बाजूने चावली नव्हती त्या बाजूने, सांगितल्याप्रमाणे जोरात चावली.

"आई गं!"

चूळबाईंच्या हातातली नळी खाली पडली. ओरडली होती दातमावशी. बोटातली कळ मनगटात गेली, मनगटातून वर, आणि वर जाऊन कुठे थांबायचं ते तिला कळेना. "आई गं," ती पुन्हा म्हणाली, अगदी बहीण म्हणायची तसं. आणि तिला रडू फुटलं. तोंडावरचा मास्क भिजून नाकाला चिकटला तरी ते थांबेना. दुखत होतं. बोट दुखत होतं, भाजल्याचा जुना डाग दुखत होता, ती बहीण, तो बोळ, ती चॉकलेटं, सगळं एकदम दुखत होतं.

तिचा दुसरा हात आपोआप वर गेला होता.

भोंग्याने तो वर गेलेला हात पाहिला आणि जबडा लगेच उघडला. नियम तिला पाठ होता. तिने बोट सोडलं, दोन्ही हातांनी ते धरलं, आणि हातमोज्यावर उठलेल्या निळ्या खुणेवर फुंकर घातली.

"मोठ्या हॉस्पिटलला नको म्हणून कळवू ना?" चूळबाईंनी नाक ओढत विचारलं.

दातमावशीने मान डोलावली. वर केलेला हात खाली घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

मग भोंगा काहीतरी म्हणाली. गालात अजून कापूस होता, त्यामुळे त्यातली व्यंजनं, होती की नव्हती कोण जाणे, बाहेर आलीच नाहीत. चूळबाई फोन लावायला दाराशी गेल्या होत्या, पण भोंग्याचे डोळे दाराकडे नव्हते.